पाताळातली बाळंतीण

पाताळात उतरणाऱ्यांच्या गोष्टी जगात पुष्कळ आहेत. कुणी मेलेल्या बायकोला परत आणायला जातो, कुणी यमाच्या दारात उपाशी बसतो, कुणी खालचं राज्य आपल्या ताब्यात यावं म्हणून निघतं. पण खाली जायचं ते माहेरपणाला, अशी गोष्ट मला एकच माहीत आहे: आपली नागपंचमीची कहाणी.

आटपाट नगरात एका ब्राह्मणाच्या घरी पाच-सात सुना. श्रावण लागतो, पंचमी येते, आणि सगळ्या जणी कुठं माहेरी, कुठं आजोळी निघून जातात. उरते धाकटी. तिच्या माहेरचं कुणीच नसतं. ती मनाशी म्हणते, मला न्यायला माझा नागोबा येईल. शेषाला तिची कणव येते. तो ब्राह्मणाचा वेष घेऊन येतो, मामा म्हणवून घेतो, तिला वारुळापाशी नेतो, तिथं खरं काय ते सांगतो आणि फणीवर बसवून पाताळातल्या आपल्या घरी घेऊन जातो. घरच्यांना ताकीद असते, हिला कुणी चावायचं नाही.

मग नागीण बाळंत व्हायला टेकते आणि दिवा धरायचं काम येतं या पाहुण्या पोरीवर. पिल्लं वळवळू लागताच पोर भिते, हातातला दिवा पडतो आणि पिल्लांच्या शेपट्या भाजतात. नागीण संतापते. पोरीला सासरी पोचतं केलं जातं. पिल्लं मोठी होतात, आमच्या शेपट्या कशानं गेल्या म्हणून आईला विचारतात आणि सूड घ्यायला वर येतात. तो पंचमीचाच दिवस असतो. भाऊ आले नाहीत म्हणून तिनं पाटावर नागांची चित्रं काढलेली असतात, दूध-लाह्या ठेवलेल्या असतात, आणि ती हात जोडून मागत असते, की माझे भाऊ लांडोबा-पुंडोबा जिथं असतील तिथं सुखात असू देत. ऐकणाऱ्या नागांचा राग विरघळतो. ते चावत नाहीत. दुधाच्या भांड्यात नवरत्नांचा हार ठेवून निघून जातात.

माझी आजी शिराळ्याजवळच्या, वारणाकाठच्या गावची. घर शेतकऱ्याचं. पोथी तिला वाचता येत नव्हती, कहाणी तोंडपाठ होती. पंचमीला चुलीवर तवा चढायचा नाही, विळीवर काही चिरायचं नाही, रानात नांगर-कुदळ लावायची नाही. आदल्या दिवशी भावाचा उपवास. पंचमीला पुरणाची दिंडं. कणकेची पारी लाटायची, मधोमध पुरण ठेवायचं, चारी बाजू आत दुमडून चौकोनी घडी करायची आणि तूप लावलेल्या चाळणीत उकडायला ठेवायची. पातेल्यावर झाकण बसलं की आजी मोकळी व्हायची आणि कहाणी सुरू व्हायची.

शिराळ्याच्या मुलखात नाग हा भाऊ. तिथली जुनी माणसं सांगत, गोरखनाथ भिक्षेला आले तेव्हा घरची बाई मातीच्या नागाची पूजा करत होती. भिक्षेला उशीर झाला. खऱ्या नागाची पूजा करशील का, असं त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली आणि मातीचा नाग जिवंत झाला. आजीच्या काळी तिथं जिवंत नागच पुजले जात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, पुढं न्यायालयानं बंदी घातली आणि पूजा पुन्हा मातीच्या नागाकडं आली.

आजी दुसरीही एक कहाणी सांगायची, शेतकऱ्याची. नांगराच्या फाळानं वारूळ फुटतं, पिल्लं मरतात. नागीण त्या घरातल्या सगळ्यांना डसते आणि सासरी दिलेल्या लेकीलाही मारायला निघते. लेक नागाचं चित्र पुजत बसलेली दिसते. तेव्हा नागीणच तिला अमृत देते आणि लेक माहेरची माणसं उठवते. दोन्ही कहाण्यांत चूक माणसाकडून होते, खालच्यांच्या लेकरांना इजा होते, आणि वाचवते ती जमिनीखालच्या जिवांची आठवण ठेवणारी एक पोर.

पहिल्या कहाणीत दिव्याची गोष्ट आली की आजी थांबायची. पातेल्याचं झाकण उचलून बघायची, पुन्हा ठेवायची. मग म्हणायची, “दिवा धर म्हटलं की धराय लागतोय, पोरी. हात कापला तरी.”

त्या थांबण्यामागचं कारण तिनं मला मी मोठी झाल्यावर सांगितलं. तिच्या आईच्या शेवटच्या बाळंतपणात घरात दुसरी बाईमाणूस नव्हती. पुरुष सोप्यात बसून होते. आतल्या खोलीला खिडकी नव्हती, दाराला घोंगडं लावलेलं, कोपऱ्यात शेगडीचा धूर. सुईणीनं आजीला आत ओढलं आणि हातात चिमणी दिली. परकरातली पोर ती. “डोळं मिटू नगंस,” एवढंच सुईण म्हणाली. आई कण्हत होती. आजी सांगायची की ते कण्हणं माणसाचं वाटत नव्हतं, जमिनीतून आल्यासारखं वाटत होतं. चिमणीची काच तापून बोटं पोळली तरी तिनं ती सोडली नाही. पहाटे भाऊ झाला. पाचवी पुजायच्या आत आई गेली.

तो भाऊ आजीनं वाढवला. तिचं लग्न झाल्यावर पंचमीला तिला न्यायला तोच यायचा. म्हणून लांडोबा-पुंडोबा ही नावं आजी नात्यातल्या माणसांची घ्यावीत तशी घ्यायची. त्या नावांना आम्ही पोरं हसलो तर रागवायची.

तेव्हापासून या कहाणीतलं पाताळ मला ओळखीचं झालं. अंधारी, धुरकट खोली, एकच दिवा, जगण्या-मरण्याच्या उंबऱ्यावर आडवी झालेली बाई आणि तिच्याजवळ वळवळणारं नवं काहीतरी. ज्या बायकांनी ही कहाणी पिढ्यान् पिढ्या सांगितली, त्यांना पाताळ कल्पावं लागलं नाही. ते त्यांच्या घरात होतं. प्रत्येकीनं तिथं एकदा दिवा धरला होता, किंवा प्रत्येक जण एकदा तरी तिथं निजली होती. आज महाराष्ट्रात बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात. २०१८-२० च्या पाहणीनुसार राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. आजीच्या आईसारख्या कितीतरी जणी आता वाचतात, ही माझ्या लेखी या शतकाची सर्वांत मोठी कमाई आहे. पण ती खोली विसरली गेली तर कहाणीचा गाभाही हरवेल, अशी मला काळजी वाटते.

ही काळजी मनात घेऊनच मी प्राचीन सुमेरच्या इनान्नाची कथा वाचली. मातीच्या पाट्यांवर कोरलेली ती कथा सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची. निप्पूरला सापडलेल्या तिच्या एका पाटीचे दोन तुकडे झाले होते. एक इस्तंबूलच्या संग्रहालयात गेला, दुसरा फिलाडेल्फियाच्या. सॅम्युअल नोआ क्रेमर यांच्यासारख्या अभ्यासकांनी असे तुकडे जुळवत कथा उभी केली आणि १९८३ मध्ये डायेन वोल्कस्टाइन या कथाकर्तीबरोबर ती सामान्य वाचकांसाठी सांगितली.

इनान्ना स्वर्गाची राणी. तिची बहीण एरेश्किगल पाताळाची. इनान्ना खाली जाते तेव्हा सात दारांवर तिचं एकेक लेणं काढून घेतलं जातं: मुकुट, मणी, कंकण, शेवटी अंगावरचं वस्त्र. आत ती मरते आणि तिचं प्रेत खुंटीला टांगलं जातं. वर तिची दासी निन्शुबुर देवांची दारं ठोठावते. दोन देव हात झटकतात. तिसरा, एन्की, नखातला मळ काढून त्याचे दोन जीव घडवतो आणि त्यांना खाली धाडतो. माश्यांसारखे ते दारांच्या फटींतून आत शिरतात.

आत एरेश्किगल पडलेली असते. अंगावर वस्त्र नाही, केस विस्कटलेले. कवी तिला आई म्हणतो, लेकरांपायी आडवी पडलेली आई. वोल्कस्टाइन-क्रेमर यांच्या पुस्तकात तिचं कण्हणं बाळंत होऊ घातलेल्या बाईचं आहे. ती पोट धरून कण्हते, ते दोघे तिच्यासोबत कण्हतात. ती पाठ धरून कण्हते, तेही तसंच करतात. शस्त्र नाही, युक्तिवाद नाही, नुसती सोबत. पाताळाची राणी इतकी हेलावते की नदी देऊ करते, पिकाची शेतं देऊ करते. ते फक्त खुंटीवरचं प्रेत मागतात आणि इनान्ना जिवंत होते. तिच्या बदल्यात पुढं नवरा दुमुझीला खाली जावं लागतं. मग त्याची बहीण गेश्तिनान्ना म्हणते, वर्षातला अर्धा काळ त्याच्याऐवजी मी जाईन. भावासाठी बहीण.

ते वाचून मी पुस्तक मिटून बसले. वारणाकाठ आणि सुमेरमधला युफ्रेटिसचा काठ यांच्यात कुठलाही धागा आहे असं मला म्हणायचं नाही. पण दोन्हीकडं पाताळाच्या पोटात एक वेदनेतली आई आहे, आणि आलेल्याची परीक्षा एकच: तिच्याजवळ थांबता येतं का?

हा प्रश्न हातात घेतला की बाकीच्या कथाही निराळ्या दिसू लागतात. ग्रीक कथेतला ऑर्फियस गाण्यानं पाताळ जिंकतो आणि मागं वळून बघितल्यानं मेलेल्या बायकोला, युरिडिसीला, पुन्हा गमावतो. मॉन्तेवेर्दीच्या १६०७ च्या ऑपेरापासून २०१९ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या ‘हेडीजटाउन’पर्यंत कलावंतांना त्याच्या त्या वळून बघण्यानं झपाटलं. ग्रीकांच्याच पर्सेफोनीचं तर आपल्या सुनेच्या नेमकं उलट: तिचं सासर खाली, माहेर वर, आणि ती माहेरी येते तेव्हा पृथ्वीवर वसंत येतो. नचिकेता यमाच्या दारात तीन रात्री उपाशी राहतो. घरी परतलेला यम पाहुण्याची हेळसांड झाली म्हणून खजील होतो आणि त्या पोराला तीन वर देतो. हिंदी कवी कुंवर नारायण यांनी १९६५ मध्ये ‘आत्मजयी’त हाच नचिकेता आजच्या माणसाची अस्वस्थता घेऊन उभा केला.

आपल्याकडचं अलीकडचं सर्वांत अस्सल पाताळ मला २०१८ च्या ‘तुम्बाड’मध्ये दिसलं. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेलं, गोष्ट मात्र वेगळी. विनायक पडक्या वाड्यातल्या विहिरीत दोरानं उतरतो. खाली भिंती ओल्या, तांबड्या, जिवंत: तो देवीचा गर्भ आहे. तिथं हस्तर आहे, देवीचं पहिलं लेकरू, सोन्याचा आणि धान्याचा हावरा. बाकीच्या देवांपासून आईनं त्याला पोटात लपवून वाचवलेलं. सोनं त्याच्याजवळ, धान्याला मात्र तो युगानुयुगं पारखा. विनायक पिठाचं रिंगण आखतो, पिठाची बाहुली पुढं टाकतो आणि भुकेलं लेकरू तिच्यावर तुटून पडलं की त्याच्या कंबरेच्या मोहरा ओरबाडून पळतो. पुढं हीच कला तो मुलालाही शिकवतो.

कहाणीतल्या पोरीकडून शेपट्या भाजल्या त्या भीतीनं. विनायक गर्भातल्या भुकेल्या लेकराला खाऊ दाखवून लुबाडतो. पाताळ तेच, आई तीच. बदलला आहे तो उतरणारा. म्हणून तो चित्रपट मला भयपटापेक्षा फार मोठा वाटतो. जमिनीच्या पोटाकडं आपण आज कसे बघतो, याचा तो खरा जबाब आहे.

खाली कोण आहे, आणि त्याला तिथं कुणी ढकललं, हा प्रश्न मराठीत फार आधी विचारला गेला. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त वामनानं पाताळात दडपलेला बळी शेतकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून उभा केला. ओवाळताना ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणणाऱ्या बायकांनी तो कधी विसरलाच नव्हता. फुल्यांनी त्यांच्या आठवणीला इतिहास म्हणून मान दिला.

आज खरोखर खाली उतरणारी माणसं आपल्या शहरांत आहेत. चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४ च्या ‘कोर्ट’मध्ये गटारात मेलेल्या कामगाराची बायको साक्ष देते. तिचा नवरा उतरण्याआधी आत खडा टाकायचा. झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे, असं समजायचा. सात दारांवर इनान्नाचं एकेक लेणं काढलं गेलं. या माणसाला मुखवटा, हातमोजे, दोर यांपैकी काही मिळालेलंच नसतं. २०१३ च्या कायद्यानं अशा कामाला बंदी आहे. गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलं. तरीही माणसं उतरतात आणि वर कुणी थांबलेलं नसतं. पाताळकथांची आधुनिक रूपं शोधायची असतील तर मी आधी त्या साक्षीकडं बोट दाखवीन.

म्हणून श्रावणात कहाणी सांगणाऱ्यांना माझं एक मागणं आहे. पोरांना भीती वाटेल म्हणून नागिणीचं बाळंतपण आणि भाजलेल्या शेपट्या गाळू नका. नवरत्नांच्या हारापेक्षा तोच भाग मोलाचा आहे. आपल्यामुळं खालच्या जिवांना इजा होते, हे पोरांना कळू द्या. ज्यांना ती झाली त्यांची नावं घेऊन त्यांचं सुख मागायचं असतं, हेही कळू द्या. दर पंचमीला हे मनापासून सांगणारं घर उघड्या गटारात माणूस उतरताना पाहून खिडकी लावून घेणार नाही, असा माझा विश्वास आहे.