वाक्य उलगडताना: जयपूरजवळची एक मराठी गोष्ट

आज मी जयपुरातून बोलतोय. विषय आहे, संगणकाने वाक्याची फोड कमी श्रमात कशी करायची.

दहा शब्दांचं वाक्य घ्या. शेजारचे शब्द, मग तुकडे, असे दोन-दोन जोडत गेलात तर जोडण्याच्या 4,862 तऱ्हा होतात. वीस शब्दांना 176 कोटींहून जास्त! 1960 च्या दशकात कॉक, कासामी आणि यंगर यांनी वेगवेगळं काम करून एकच युक्ती काढली: एकदा जोडलेला तुकडा तक्त्यात लिहून ठेवायचा, पुन्हा जोडायचा नाही. मग वाक्य दुप्पट झालं तरी काम साधारण आठपटच वाढतं.

पण मराठीत शब्द जागा बदलतात. 'आजीने सुरीने आंबा चिरला' म्हणा किंवा 'आंबा आजीने सुरीने चिरला', अर्थ तोच. प्रत्येक क्रमाला वेगळा नियम लिहिणार का? आयआयटी कानपूरमध्ये विनीत चैतन्य, राजीव संगल आणि सहकाऱ्यांनी पाणिनीची कारकं हाताशी घेतली. 'चिरणे' म्हटलं की चिरणारा हवा, चिरायची वस्तू हवी. हत्यार असलं तर असलं. 'ने' आजीलाही लागलाय आणि सुरीलाही, पण सुरी सजीव नाही, म्हणून ती हत्याराच्या जागी जाते. क्रम कुठलाही असो. यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1995 साली आलं. (आता कुणीतरी 'नासा आणि संस्कृत' काढणारच. रिक ब्रिग्ज यांचा 1985 चा लेख ज्ञान कसं मांडावं याबद्दल होता. बाकीचे इमले नंतरचे.)

मला मात्र खरी बचत शाळेतल्या व्याकरणात दिसते: शब्दांच्या जाती. 'कर' हे नाम की क्रियापद, हे आधी ठरलं तर पुढच्या कितीतरी जोडण्या आपोआप गळतात. जयपूरच्या दक्षिणेला, टोंक जिल्ह्यात बनस्थली विद्यापीठ आहे. तिथल्या संशोधकांनी 2013 साली मराठी शब्दांच्या जाती ओळखण्याचे प्रयोग केले. राजस्थानात, मराठीसाठी! शब्द एकटा पाहिला तर अचूकता 77 टक्क्यांच्या आसपास होती. शेजारचे शब्दही विचारात घेतल्यावर ती 93 च्या पुढे गेली.

93 म्हणजे छानच गुण. पण ढोबळ हिशेब करा: वीस शब्दांच्या चारपैकी तीन वाक्यांत निदान एक शब्द चुकतो. म्हणून शंका असलेल्या शब्दाच्या दोन्ही जाती काही काळ जवळ ठेवाव्या लागतात, वेळ जास्त गेला तरी. 'कर' हे क्रियापद असताना नाम म्हणून पुढे पाठवलं, तर तक्ता कितीही झपाट्याने भरा, बरोबर वाक्य त्यात सापडणारच नाही.