शरीरक्रियाविज्ञान प्रात्यक्षिके (वैद्यकीय)

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात शरीरक्रियाविज्ञान (फिजिओलॉजी) प्रयोगशाळेत स्वतः करून शिकण्याचा भाग. रक्तशास्त्र, मानवी तपासणी आणि प्राणिप्रयोग असे त्याचे परंपरेने तीन विभाग मानतात.

  

रक्तशास्त्र : प्रात्यक्षिकांचा कणा हाच. बोटाला लॅन्सेट टोचून रक्त काढतात. बोट बहुधा शेजारच्या विद्यार्थ्याचे. तांबड्या पेशींच्या पिपेटमध्ये लाल मणी असतो, पांढऱ्या पेशींच्या पिपेटमध्ये पांढरा. पहिल्या पिपेटमध्ये ०.५ खुणेपर्यंत रक्त आणि १०१ पर्यंत हायेम द्रव ओढला की रक्त २०० पट विरल होते. पहिले दोन-तीन थेंब टाकून द्यावे लागतात, कारण नळीच्या दांड्यात नुसताच द्रव असतो. पुढचा थेंब न्यूबावर चेंबरवर ठेवलेल्या कव्हरस्लिपच्या कडेला टेकवला की आपोआप आत ओढला जातो. जास्त झाला तर खाचेत उतरतो आणि चेंबर धुऊन पुन्हा भरावे लागते. चेंबरची खोली ०.१ मिमी. मधल्या चौरसातील ८० बारीक घरांतील पेशी मोजून त्यांना १०,००० ने गुणतात. रेषेवरच्या पेशी दोनदा धरल्या जाऊ नयेत म्हणून चारांपैकी लगतच्या दोनच बाजूंच्या घेतात. साहलीच्या पद्धतीने हिमोग्लोबिन काढताना रंग डोळ्यांनी जुळवायचा असतो. एकाच रक्ताचे दोघांचे आकडे क्वचितच जुळतात. दवाखान्यात हे काम आता यंत्र करते. तरीही मोजणी अभ्यासक्रमात टिकली आहे, आणि ते योग्यच म्हणावे लागेल: यंत्राचा आकडा कुठे चुकू शकतो, हे चेंबर भरलेल्याला लवकर उमगते.

प्राणिप्रयोग : बेडकाच्या पोटरीचा स्नायू त्याच्या नसेसह काढून कायमोग्राफला जोडत, काजळी धरलेल्या कागदावर उमटलेला आलेख वार्निशात बुडवून जर्नलमध्ये चिकटवत. हे बंद पडून संगणकीय प्रतिरूपे आली. २०१९ पासूनच्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात बेडकाच्या नस-स्नायूचे व हृदयाचे प्रयोग संगणकावर केवळ 'पाहायचे' आहेत. त्यामुळे काय गमावले, याबद्दल शिकवणाऱ्यांत एकमत नाही.

मानवी तपासणी : नाडी, रक्तदाब, स्पायरोमेट्री, प्रतिक्षिप्त क्रिया.

परीक्षा : जर्नल, तोंडी परीक्षा व ठरावीक टप्प्यांची प्रात्यक्षिक परीक्षा (ओएसपीई).

आयुर्वेदाच्या बीएएमएस अभ्यासक्रमात हा विषय 'क्रिया शारीर' या नावाने येतो.