सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग

नालासोपारा स्थानकाच्या पूर्वेला उतरून आचोळे रस्त्याला लागले, की दुचाकी तिसऱ्या गिअरच्या पुढे क्वचितच जाते. रिक्षा, बस, पादचारी आणि पावसाळ्यात साचणारे पाणी यांतून वाट काढताना मोटारसायकलचे इंजिन बहुतेक वेळ मिनिटाला अडीच ते पाच हजार फेऱ्यांच्या दरम्यान फिरत असते. ‘पिकअप वाढवायचा आहे’ असे म्हणणाऱ्या येथील चालकाला हवी असलेली ताकद याच टप्प्यातली. मोठ्या आवाजाचा मोकळा सायलेन्सर बसवला, की बहुधा नेमकी हीच ताकद घटते. आवाजामुळे ती वाढल्याचा भास मात्र होतो.

सायलेन्सर केवळ आवाज दाबतो, हा समज अपुरा आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाची एक लाट बेंड पाईपमधून धावत सुटते. वायू तप्त असल्याने तिचा वेग सेकंदाला सुमारे पाचशे मीटर वा त्याहून अधिक असतो. पाईप जेथे एकदम रुंद होतो तेथून ती कमी दाबाची लाट होऊन उलट फिरते. दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असताना ती परत पोहोचली, तर जळालेला वायू बाहेर खेचते आणि ताजे मिश्रण आत ओढून घेते. आता हिशेब पाहा. एक मीटर पाईपमधून जाऊन परत येण्यास लाटेला सुमारे चार मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात इंजिनाचा क्रँक सहा हजार फेऱ्यांवर १४४ अंश फिरतो, तर तीन हजारांवर केवळ ७२ अंश. म्हणजेच एक पाईप सर्व वेगांना सारखा मानवत नाही. त्याची लांबी आणि व्यास कोणत्या फेऱ्यांसाठी जुळवायचा, हे कंपनी आधी ठरवते. ‘बॅक प्रेशर हवेच’ असे गॅरेजांतून ऐकू येते, ते या लाटांच्या वेळापत्रकाचेच अर्धवट वर्णन होय. नुसता अडथळा कोणत्याच इंजिनाला नको असतो.

या शास्त्राचे घरचे उदाहरण पुण्याच्या बजाज ऑटोचे. या शतकाच्या पहिल्या दशकात डिस्कव्हर, पल्सर यांसारख्या गाड्यांत ‘एक्झॉसटेक’ नावाने बेंड पाईपला इंजिनाजवळ एक लहान बंद कुपी जोडलेली असे. हेतू एकच होता, कमी आणि मध्यम फेऱ्यांवरचा जोर वाढवणे. दिसायला ती निरुपयोगी गाठ वाटते. पण शहरातल्या चालकासाठी तिचे मोल झळकत्या क्रोम पाईपपेक्षा अधिक आहे.

टू-स्ट्रोक इंजिनात तर सायलेन्सर कापणे म्हणजे इंजिनच कापणे. १९८५ ते १९९६ या काळात भारतात तयार झालेली यामाहा आरएक्स १०० आजही हौसेने जपली जाते. जेमतेम ९८ सीसीच्या या गाडीची अकरा अश्वशक्ती बऱ्याच अंशी तिच्या फुगीर पाईपवर अवलंबून आहे. पाईपचा रुंदावणारा भाग सिलिंडर रिकामा करतो, निमुळता भाग बाहेर निसटलेले ताजे मिश्रण परत आत ढकलतो. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात हे तंत्र शर्यतीच्या गाड्यांवर विकसित केले.

खर्च करायचाच असेल तर क्रम उलटा असावा. प्रथम एअर फिल्टर, प्लग, चेनचा ताण, टायरमधील हवा, आणि मग थंड इंजिनावर टॅपेटचे अंतर. हे अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत मोजले जाते. त्यासाठी फीलर गेज लागते, कानाने ठरवणारा मेकॅनिक टाळावा. एक्झॉस्ट टॅपेट घट्ट राहिल्यास आवाज येत नाही, पण व्हॉल्व्ह नीट न बसल्याने कॉम्प्रेशन गळते आणि व्हॉल्व्ह जळतो. ‘पिकअप गेला’ अशी तक्रार असलेल्या कित्येक जुन्या गाड्या एवढ्यानेच सुधारतात.

त्यानंतर कार्बोरेटर. येथे एक नवी बाब ध्यानात घ्यावी लागते. पंपांवर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास वजनाने १४.७ भाग हवा लागते. या मिश्रणास सुमारे साडेतेरा. परिणामी जुन्या जेटवरचे मिश्रण आपोआप पातळ होते. त्यात मोकळा सायलेन्सर आणि उघडा फिल्टर यांची भर पडली, की इंजिन तापते, प्लग पांढरा पडतो आणि टोकाला पिस्टनला इजा होते. थ्रॉटल सोडताच पाईपमधून येणारे ‘फटाके’ हे पुष्कळदा या पातळपणाचेच लक्षण असते. मेन जेट थ्रॉटल जवळजवळ पूर्ण उघडल्यावरच महत्त्वाचा ठरतो. गर्दीतल्या चालकाने पायलट स्क्रू आणि सुईची खाच यांकडे पाहावे. एका वेळी एकच बदल करावा आणि प्लगचा रंग तपासावा. चहासारखा तपकिरी रंग उत्तम. पीयूसी केंद्रावरचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडाही उपयोगी पडतो, मात्र तो केवळ आयडलिंगची स्थिती सांगतो.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत हा मार्गच बंद झाला आहे. बहुतेकांत कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे, आणि एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेले असतात. जुना सायलेन्सर काढून फेकला की कन्व्हर्टरही बहुधा त्याबरोबर जातो. वॉरंटी धोक्यात येते, ते वेगळेच.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर ध्वनी व वायू प्रदूषणाच्या गुन्ह्यास कलम १९०(२) खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि परवाना तीन महिन्यांसाठी अपात्र अशी तरतूद आहे. बुलेटचे ‘पंजाब’ वा ‘इंदोरी’ सायलेन्सर पोलीस रोड रोलरखाली चिरडतात, ते याच कारणाने. विक्रेत्याने दाखवलेला परदेशी शिक्का म्हणजे येथील नियमांची पूर्तता नव्हे.

सायलेन्सर बदलणे अटळ असेल, तर आपल्या मॉडेलसाठी कंपनीनेच बनवलेला घ्यावा. वसई-विरारच्या दमट, खाऱ्या हवेत तो आतून गंजतो. स्थानकापर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत पाईप पुरता तापत नाही आणि आतले पाणी सुकत नाही. आठवड्यातून एकदा गाडी महामार्गापर्यंत चालवून आणणे त्यावर चांगला उपाय. खालचे पाणी निचऱ्याचे बारीक छिद्र चिखलाने बुजू देऊ नये. बेंड पाईपचा गॅस्केट फुटला असेल तर आधी तो बदलावा. फटफट आवाज आणि ढासळलेला पिकअप यांमागे अनेकदा तेवढेच कारण असते. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर लगेच स्टार्टर दाबू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून इंजिन किकने फिरवावे, पाणी बाहेर पडू द्यावे, फिल्टर आणि ऑइल तपासावे आणि मगच गाडी सुरू करावी.