घर सोडून शाळा : निलंगा परिसरातील निवासी शिक्षणाची शंभर वर्षे

निलंगा हा लातूर जिल्ह्याच्या दक्षिणेचा, कर्नाटकाच्या हद्दीला लागलेला तालुका. १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके बिदरपासून तुटून मुंबई राज्यात आले आणि उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा झाला, तेव्हा निलंगा त्यात आला. राजवट बदलली तसे शिकायला जायचे गावही बदलले: आधी हैदराबाद, मग औरंगाबाद, पुणे, सातारा आणि शेवटी लातूर. ज्याला पुढे शिकायचे त्याने लहान वयात घर सोडायचे, हा रिवाज मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकला. मुलाला नावाजलेल्या खासगी निवासी शाळेत घालावे की घालू नये, याचा खल आज घरोघरी होतो. त्याची मुळे याच रिवाजात आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली. खालच्या इयत्ता मराठीत होत. वरचे शिक्षण उर्दूतून. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण मराठी, कन्नड आणि तेलुगू मुलांच्या घरात ती भाषा नव्हती. शाळाही मोजक्याच होत्या. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यात शंभरातली जेमतेम नऊ माणसे साक्षर निघाली. निलंग्यासारख्या गावातल्या हुशार मुलापुढे हैदराबाद गाठणे किंवा शिक्षण सोडणे, एवढेच मार्ग उरत.

हैदराबादेत राहायचे कुठे, हा पहिला प्रश्न. नातेवाईक असेल तर तो सुटे. हिंगोलीकडच्या कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर शिकायला हैदराबादला गेले ते मामा ना. गो. नांदापूरकर यांच्या आधाराने. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत मामाचे किंवा काकाचे घर हेच वसतिगृह होते. नातेवाईक नसेल तर वार लावायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असा आठवडा सात घरांत वाटून मुलगा जेवत असे. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी उपास. ज्या घरी जेवायचे तिथली किरकोळ कामे करायची, मानापमान गिळायचा आणि रात्री दिव्याखाली पुस्तक उघडायचे. या सोयीने शेकडो मुले शिकली. पण ती मुख्यतः ब्राह्मण मुलांपुरती होती. कुणब्याच्या, धनगराच्या, मांग-महाराच्या मुलाला कोण्या घरी वार मिळत नव्हता, आणि निवासी शिक्षणाचा पुढचा इतिहास याच अडचणीतून घडला.

त्याच हैदराबादेत श्रीमंतांसाठी वेगळी सोय होती. सातव्या निजामाच्या काळात १९२३ मध्ये बेगमपेठ येथे जहागीरदार कॉलेज स्थापन झाले. सरदार आणि जहागीरदारांच्या मुलांनी एकत्र राहून इंग्रजी वळणाचे शिक्षण घ्यावे, यासाठी ते होते. राजकोटचे राजकुमार कॉलेज (१८७०) आणि अजमेरचे मेयो कॉलेज (१८७५) यांच्याच जातीची ही संस्था. संस्थानिकांची मुले इंग्रजी रीतीरिवाजात वाढली की राज्यकर्त्यांशी जुळवून घेतील, हा या शाळांमागचा हेतू. जहागिरी खालसा झाल्यावर १९५१ मध्ये जहागीरदार कॉलेजचे नाव हैदराबाद पब्लिक स्कूल झाले आणि दारे सर्वांना उघडली, अर्थात फी भरू शकणाऱ्या सर्वांना. ‘मोठ्या लोकांची बोर्डिंग शाळा’ ही कल्पना निलंग्याच्या बाजूला आली ती या वाटेने.

अशाच एका शाळेतून नेमकी उलटी गोष्टही निघाली. कोल्हापूरचे शाहू महाराज १८८५ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, राजकोटला शिकायला गेले आणि १८८९ पर्यंत तिथे होते. गादीवर आल्यावर त्यांनी राजपुत्रांसाठी शाळा काढली नाही. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि त्यानंतर जैन, मुस्लिम, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहत गेली. खेड्यातला मुलगा शाळेत बुद्धीमुळे मागे पडत नाही, शहरात डोके टेकायला जागा नसते म्हणून त्याची शाळा सुटते, हे त्यांनी ओळखले होते. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. जैन बोर्डिंगात राहणारे भाऊराव पाटील त्याच्या उद्घाटनाच्या समारंभाला गेले, परतल्यावर आंघोळ करून आत ये म्हटल्यावर त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. याच भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, कामे वाटून घेत. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून मुलांना जेवू घातले. नात्याचा नसलेल्या मुलाला पोटचा मानून वाढवणे, हा या चळवळीचा गाभा होता. आजच्या कोणत्याही निवासी शाळेचे मोल ठरवताना हे माप बाजूला ठेवता येणार नाही.

निजामाच्या हद्दीत असे काम उघडपणे करणे कठीण होते. खासगी शाळेवर सरकारची करडी नजर असे. तरीही निलंग्याच्या पश्चिमेला, आजच्या लोहारा तालुक्यातल्या हिप्परगा या खेड्यात १९२१ मध्ये व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी राष्ट्रीय शाळा सुरू केली. पुढे व्यंकटेश खेडगीकर नावाचा तरुण तिथे शिक्षक म्हणून आला. कामगार नेते ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केलेला हा माणूस हिप्परग्याचा मुख्याध्यापक झाला, १९३२ मध्ये संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाला आणि १९३५ मध्ये मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, योगेश्वरी विद्यालयाच्या उभारणीत गेला. हैदराबाद मुक्तीच्या लढ्याचे नेतृत्व मराठवाड्याला या आडगावच्या शाळेतून मिळाले. सीमेपलीकडे भालकीच्या मठात चन्नबसव पट्टदेवरू कन्नड शिकवत. बाहेर फलक उर्दूचा आणि आत शिकवणी कन्नडची, अशी त्या शाळेची आठवण त्या भागात आजही सांगितली जाते. गरीब मुलांच्या जेवणाखाण्याचा भार मठ उचलत असे.

रामानंद तीर्थांना गुरू मानणाऱ्यांत पी. व्ही. नरसिंह राव होते. १९३८ च्या वंदे मातरम्‌ आंदोलनात उस्मानियातून बाहेर पडावे लागलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला, त्यांत तेही होते. शिक्षणासाठी परमुलखात जावे लागणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. १९७१ मध्ये आंध्र प्रदेशात त्यांनी सर्वेल येथे ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी सरकारी निवासी शाळा सुरू करवली. १९८५ मध्ये ते केंद्रात मनुष्यबळ विकास मंत्री झाले आणि नवोदय विद्यालयांची योजना त्यांच्याच खात्यातून आली. पहिल्या दोन शाळा १९८५-८६ मध्ये निघाल्या: एक हरियाणात झज्जरला, दुसरी महाराष्ट्रात अमरावतीला. हिप्परगा ते नवोदय अशी सरळ रेघ ओढणे धाडसाचे ठरेल. पण माणसांची साखळी मात्र अशी आहे.

मधल्या काळात निलंग्यातही बरेच बदलले. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मराठी माध्यमाच्या शाळा गावोगाव निघू लागल्या. १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद झाले. त्याच्या वसतिगृहांनी मराठवाड्यातल्या दलित तरुणांची पहिली शिकलेली पिढी घडवली. निलंग्यात शिवाजीराव पाटील निलंगेकरांनी शिक्षणसंस्था उभी केली, महाराष्ट्र महाविद्यालय आले. गावातच पदवीपर्यंत शिकता येऊ लागले आणि बाहेर जाण्यामागचे कारण बदलले. पूर्वी शाळाच नव्हती म्हणून मूल जात असे. आता शाळा असूनही अधिक चांगली हवी म्हणून जाऊ लागले. २३ जून १९६१ रोजी साताऱ्याला देशातली पहिली सैनिक शाळा सुरू झाली. सैन्यात अधिकारी घडवण्यासाठी काढलेल्या या शाळेत शेतकऱ्याचा मुलगा परीक्षा देऊन जाऊ शकत होता. पाचगणी मात्र निलंग्याच्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर राहिली. इंग्रजांनी वसवलेल्या त्या गावात सेंट पीटर्स (१९०२), संजीवन विद्यालय (१९२२) अशा शाळा एकामागून एक निघाल्या आणि तिथे दूरदेशीची मुले येत. पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाला माहीत झालेला फारुख बलसारा झांझिबारहून तिथे आला तो आठ वर्षांचा असताना.

नवोदयने निवड आणि फी यांची ताटातूट केली. पाचवीत असताना दोन तासांची परीक्षा, त्यात मानसिक क्षमता, गणित आणि भाषा. मुलाला मराठीतून उत्तरे देता येतात. एका जिल्ह्यातून साधारण ८० मुले निवडली जातात, त्यांतल्या किमान तीनचतुर्थांश जागा ग्रामीण मुलांच्या आणि एकतृतीयांश मुलींच्या. राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके सरकारची. शेजारच्या नांदेड जिल्ह्याचे नवोदय बिलोली तालुक्यात शंकरनगरला आहे, लातूर जिल्ह्यालाही स्वतंत्र विद्यालय मिळाले. यादी लागली की घरात पत्र्याच्या पेटीची, बादलीची, पांघरुणाची खरेदी सुरू होते आणि अकरा वर्षांचे मूल सहावीला निघते. पुढे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकावे लागते आणि नववीत काही मुले वर्षभर हिंदी भाषक राज्यातल्या नवोदयात राहून येतात. निलंग्याच्या खेड्यातल्या मुलीला हे सगळे एक पैसा न भरता मिळावे, ही स्वातंत्र्योत्तर काळातली फार मोठी कमाई आहे. पूर्वी मुलीला शिकायला परगावी ठेवणे म्हणजे फार तर पुण्याच्या हिंगण्यातल्या मुलींच्या संस्थेचे नाव निघे, तेही क्वचित.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि धाब्यांखाली हजारो माणसे गेली. निलंगा तालुक्यालाही झळ बसली. आईबाप गमावलेल्या आणि घर उरले नाही अशा मुलांचे काय करायचे, हा प्रश्न तातडीचा होता. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथा यांनी सुमारे १२०० मुले पुण्याला नेली आणि वाघोलीला त्यांच्या राहण्याशिकण्याची सोय उभी केली. राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी पन्नालाल सुराणांच्या पुढाकाराने नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ सुरू केले. एक वाट मुलांना दूर मोठ्या शहरात नेणारी, दुसरी त्यांना आपल्याच मातीजवळ ठेवणारी. दोन्हींनी मुले जगवली आणि शिकवली. पण सुट्टीत आजीला भेटता यावे एवढ्या अंतरावर असणे किती मोलाचे, हे त्या वर्षांत या भागाने पाहिले.

त्याच सुमारास उलटा प्रवाह सुरू झाला. लातूरचे दयानंद महाविद्यालय (१९६१) आणि राजर्षी शाहू महाविद्यालय (१९७०) यांतून बोर्डाच्या गुणवत्ता यादीत मुले झळकू लागली. प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जादा तास, सततच्या चाचण्या आणि शिक्षकांची कडक हजेरी यांतून जी पद्धत बसवली, ती ‘लातूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजली. ज्या मराठवाड्यातून मुले बाहेर जात होती, तिथे आता बाहेरची मुले येऊ लागली. त्यांच्यासाठी गल्लोगल्ली खासगी वसतिगृहे आणि मेस निघाल्या. निलंग्याच्या मुलांनाही अकरावीला लातूर हे ठरून गेले. मात्र या वसतिगृहांत कॉट, टेबल आणि डबा असतो. भाऊरावांच्या वसतिगृहात होते तसे पालकत्व घेणारे माणूस बहुधा नसते. शाळा आणि घर यांची एवढी फारकत पूर्वी कधी झाली नव्हती.

दोन हजार दहाच्या सुमारास राज्य सरकारने आदिवासी मुलांना शहरातल्या ‘नामांकित’ इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत स्वखर्चाने पाठवण्याची योजना आणली. नांदेड जिल्ह्यातल्या किनवटसारख्या तालुक्यातली गोंड, कोलाम, आंध मुले त्यासाठी पात्र ठरली. पुढे धनगर समाजाच्या मुलांसाठीही तशीच योजना झाली. श्रीमंतांची शाळा गरिबाला खुली करण्याचा हेतू चांगलाच आहे. पण या योजनेत मूल पहिलीतच घर सोडते, म्हणजे सहाव्या-सातव्या वर्षी. शाहू राजकोटला गेले ते अकराव्या वर्षी; सैनिक शाळा आणि नवोदयही सहावीपासून घेतात. ब्रिटनमध्ये लहानपणीच बोर्डिंगात घातलेल्या माणसांवर मानसोपचारतज्ज्ञ जॉय शावेरियन यांनी काम केले आणि घरापासून फार लवकर तोडल्याचे परिणाम मोठेपणी नात्यांत दिसतात, असे २०११ पासून मांडले. ज्या मुलाची घरची बोली गोंडी किंवा कोलामी आहे, त्याला त्या वयात आईबरोबर भाषाही सोडावी लागते.

अकराव्या वर्षी गेलेली मुलेही सुरक्षित असतात असे नाही. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशभरातल्या नवोदय विद्यालयांत ४९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याचे २०१८ मध्ये उघड झाले आणि त्यांत दलित व आदिवासी मुलांचे प्रमाण मोठे होते. त्यानंतर या शाळांत समुपदेशक नेमण्याची मागणी पुढे आली. तोपर्यंत वर्गशिक्षकालाच वसतिगृहाची जबाबदारीही सांभाळावी लागे: दिवसा शिकवायचे, रात्री हजेरी घ्यायची, आजारी मुलाला दवाखान्यात न्यायचे आणि रडणाऱ्याची समजूतही काढायची. खासगी निवासी शाळांत हे काम कोण करते, किती मुलांमागे किती माणसे आहेत आणि मुलाला घरी फोन कधी करता येतो, याची चौकशी निलंग्याकडचे पालक अजून फारशी करत नाहीत. ते निकाल, इमारत आणि फी पाहून येतात.