माळव्याची अफू आणि दमणची वाट

१८१८ चा मंदसौरचा तह आणि तो घडवून आणणारे तात्या जोग ही नावे इंदूरच्या जुन्या मराठी घराण्यांना परिचित आहेत. मात्र पुढे माळव्याच्या पेढ्यांचा जीव ज्या पिकात गुंतला, त्या अफूची कथा क्वचितच सांगितली जाते.

बंगालच्या अफूचा मक्ता कंपनीकडे होता आणि चीनच्या बाजारात माळव्याचा माल त्याच्याशी स्पर्धा करी. म्हणून १८२० नंतरच्या दशकात कंपनीने होळकरांसह अनेक संस्थानिकांशी करार करून लागवड व वाहतूक यांवर निर्बंध लादले. परिणाम उलटाच झाला. माल राजपुतान्याच्या वाळवंटातून कराचीस आणि तेथून समुद्रमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला जाऊ लागला.

अखेर १८३० च्या सुमारास निर्बंध उठले. पेटीमागे १७५ रुपये भरून परवाना घ्यावा आणि माल उघडपणे मुंबईस न्यावा, अशी पद्धत आली. तरीही आडवाट चालूच राहिल्याने १८३५ मध्ये हा दर १२५ रुपयांवर आणावा लागला.

१८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या हाती गेला आणि ती वाट बुजली. लगेच दर चढू लागला; १८४७ मध्ये तो ४०० रुपयांवर पोहोचला.

या मालाने चीनमध्ये केलेला अनर्थ विसरता येत नाही. परंतु व्यापाराविषयीचा धडा स्पष्ट आहे: कर उतरला तो सत्तेच्या औदार्याने नव्हे. विकणाऱ्याला दुसरी वाट होती, तोवरच तो उतरलेला राहिला.