रोमन इजिप्तची नाणी : ऑक्सफर्डमधील अमोल ठेवा

रोमन नाणी म्हटली, की सम्राटाची मुद्रा असलेले सोन्याचे ऑरियस आणि चांदीचे दिनार आठवतात. मात्र साम्राज्याच्या पूर्व भागातील शेकडो शहरांत रोजच्या व्यवहारासाठी स्थानिक टांकसाळींची, बहुधा ग्रीक लेख असलेली नाणी वापरली जात. या 'प्रांतीय' नाण्यांचा मोठा संग्रह ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. संग्रहालय १६८३ मध्ये खुले झाले. नाण्यांसाठीचे हेबर्डन दालन १९२२ मध्ये सुरू झाले. तेथील ॲलेक्झांड्रिया टांकसाळीच्या नाण्यांची जे. जी. मिल्न यांनी केलेली सूची १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती अभ्यासकांचा आधार ठरली.

स्वतंत्र चलन

इ. स. पूर्व ३० मध्ये इजिप्त रोमच्या ताब्यात आला, तरी त्याचे चलन वेगळेच राहिले. बाहेरचे नाणे तेथे चालत नसे. ते बदलून घ्यावे लागे. चांदी व तांब्याच्या मिश्रधातूचे टेट्राड्राक्म हे तेथील प्रमुख नाणे होते. भारताशी होणारा रोमन व्यापार प्रामुख्याने इजिप्तच्या बंदरांतून चाले. तरीही भारतात सापडणारी रोमन नाणी बहुतांशी साम्राज्याच्या मुख्य टांकसाळींचीच आहेत, ती यामुळेच.

नाण्यावरचे वर्ष

सम्राटाच्या राजवटीचे वर्ष ग्रीक अक्षरांत कोरलेले असणे, हे या नाण्यांचे मोठे वैशिष्ट्य. इजिप्तचे वर्ष साधारणपणे २९ ऑगस्टला सुरू होई आणि त्याआधीचे थोडे दिवसही 'पहिले वर्ष' गणले जात. त्यामुळे इ. स. ६८ च्या जूनमध्ये सत्तेवर येऊन पुढच्या जानेवारीत मारल्या गेलेल्या गाल्बाच्या नाण्यांवर पहिले आणि दुसरे अशी दोन वर्षे दिसतात. त्यानंतरचे ओथो, विटेलियस आणि व्हेस्पॅसियन यांचीही नाणी येथे पाडली गेली. यादवीच्या त्या काळात इजिप्तने कोणाकोणाला सम्राट मानले, याची ही धातूवरील नोंदच होय.

हरवलेले दीपगृह

ॲलेक्झांड्रियाचे प्रसिद्ध दीपगृह भूकंपांत कोसळले. डोमिशियन, ट्रेजन, हेड्रियन आदी सम्राटांच्या नाण्यांवर मात्र त्याचा निमुळता मनोरा, माथ्यावरचा पुतळा आणि शंख फुंकणारे जलदेव आजही पाहता येतात. दीपगृहाच्या रूपाविषयीचा हा महत्त्वाचा समकालीन पुरावा मानला जातो.

टेट्राड्राक्ममधील चांदी पुढे घटत गेली आणि तिसऱ्या शतकाच्या अखेरीस ती नावापुरतीच उरली. डायोक्लिशियनच्या चलनसुधारणेनंतर इ. स. २९६-९७ च्या सुमारास ही वेगळी नाणी पाडणे थांबले.

प्रांतीय नाण्यांच्या बहुखंडी आंतरराष्ट्रीय सूचीचा पहिला खंड १९९२ मध्ये निघाला. ॲशमोलियनमार्फत ही सूची इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध असून, विविध देशांतील संग्रहांची नाणी तेथे शेजारी ठेवून पडताळता येतात.