वहीतले आणि वहीबाहेरचे

1912 च्या मुंबई वैद्यक कायद्याने वैद्य-हकिमांना औषध द्यायला बंदी केली, असे अजूनही ऐकू येते. कायदा उघडून पाहिला तर तशी बंदी त्यात नाही. त्याने एक परिषद नेमली आणि तिच्या हाती एक वही दिली, एवढेच. पाश्चात्त्य वैद्यकाची मान्य पदवी असलेल्याचे नाव त्या वहीत चढायचे. कायद्याला लागणाऱ्या दाखल्यावर त्याचीच सही चालायची, सरकारी दवाखान्यातली जागाही त्यालाच. बाकीच्यांनी खुशाल नाड्या पाहाव्यात! परिषदेत काही सदस्य सरकारचे, काही डॉक्टरांनी निवडून दिलेले. रोग्याच्या वतीने कुणी बसावे, हे कुणाला सुचले नाही.

मला या इतिहासात नाव चढण्यापेक्षा नाव खोडण्याचा भाग अधिक बोलका वाटतो. व्यवसायाला काळिमा लावणारे वर्तन केले, तर परिषद नाव काढून टाकू शके. हा शब्दप्रयोग लंडनच्या 1858 च्या कायद्यातून आलेला, आणि मुद्दाम वाटावा इतका ढिला. त्यात काय बसते, ते परिषदच ठरवणार. 1915 मध्ये मद्रासला डॉ. कृष्णस्वामी अय्यर यांचे नाव खोडले गेले. त्यांच्या हातून रोगी दगावला नव्हता. आयुर्वेदाच्या एका दवाखान्याशी त्यांचा संबंध होता, हाच दोष. त्याच सुमारास मुंबईत आयुर्वेद महाविद्यालय चालवणारे डॉ. पोपट प्रभुराम याच कारणाने वहीबाहेर गेले. दोघेही पदवीधर डॉक्टर. म्हणजे पदवी पुरेशी नव्हती. तुम्ही कोणाच्या पंगतीला बसता, तेही परिषद पाहत होती.

वैद्यमंडळी गप्प बसली नाहीत. शंकर दाजी शास्त्री पदे यांनी 1907 मध्येच आयुर्वेद महासंमेलन उभे केले होते. त्या व्यासपीठाला आता नेमके गाऱ्हाणे मिळाले. ते ऐकले गेले 1938 मध्ये. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात आरोग्यखाते डॉ. गिल्डर यांच्याकडे होते, आणि मुंबई प्रांताने आयुर्वेद-युनानीसाठी वेगळा कायदा केला. पदवी नसली तरी आधीपासून धंदा करणाऱ्यांची वेगळी यादी ठेवली, हा शहाणपणा मानला पाहिजे. पण या कायद्याने 1912 च्या पुढचे पाऊल टाकले: नोंद नसलेल्याला वैद्यकीच करता येऊ नये, अशी तरतूद त्यात आली. काल ज्यांना दाराबाहेर ठेवले होते, ते आता दारावर उभे राहिले.

बाहेर कोण उरले? गावोगाव जडीबुटीची झोळी घेऊन फिरणारा वैदू. त्याला कोणत्या वहीत जागा होती? बाळंतपणे करणारी सुईण तर वैद्यांच्याही बोलण्यात नव्हती. भोंदू माणसाच्या हाती रोग्याचा जीव जाऊ नये, हे कारण खरेच आहे आणि मी ते हलके लेखत नाही; खोट्या पदव्यांचा बाजार आपल्याकडे आजही तेजीत असतो. तरीही अय्यर आणि प्रभुराम यांच्या प्रकरणांत रोगी शोधायला गेले तर सापडत नाही.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने दोन्ही कायदे नव्याने केले, वैद्यांचा 1961 मध्ये आणि डॉक्टरांचा 1965 मध्ये. वह्या दोनच्या दोनच राहिल्या. 2014 मध्ये औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांना आधुनिक औषधे लिहून देण्याची मुभा मिळाली, तेव्हा त्यांचे नाव कोणत्या वहीत लिहायचे यावरून भांडण पेटले. ते अजून मिटलेले नाही.